कॅप खोटी आहे, म्हणे!

दर मार्चमध्ये एनएफएलचं नवं करारवर्ष सुरू झालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘ही सॅलरी कॅप वगैरे सगळं थोतांड आहे हो!’ न्यू जर्सीत राहणारा चुलतभाऊ हे म्हणतो आणि पुण्यात सोमवारी पहाटे उठून सुपर बोल बघणारा भाचाही म्हणतो. अमेरिकेतले समालोचक तर ते सुभाषितासारखं वापरतात. पुरावा म्हणून दरवेळी तेच सांगितलं जातं. अमुक संघ काल मर्यादेच्या पाच-सात कोटी डॉलर वर होता, आज त्याने आणखी एक महागडा खेळाडू घेतला. मग मर्यादा कुठे गेली?

मर्यादा जागेवरच असते. बघणाऱ्याने हिशोबाची वही अर्धीच उघडलेली असते.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा फुटबॉल अमेरिकी आहे, अंडाकृती चेंडूचा आणि हेल्मेटवाल्यांचा; मेस्सीची वाट पाहू नये. ३२ संघ, आणि प्रत्येकाला खेळाडूंच्या पगारासाठी सारखीच मर्यादा. १९९४ साली ती पहिल्यांदा लागू झाली तेव्हा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ साली २७ कोटी ९२ लाख. हा आकडा कोणा अधिकाऱ्याच्या लहरीवर ठरत नाही. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारानुसार लीगच्या उत्पन्नातला साधारण ४८ टक्के वाटा खेळाडूंचा असतो आणि त्यावरून मर्यादा निघते. सध्याचा करार २०२० सालचा आहे आणि तो २०३० च्या हंगामापर्यंत चालेल.

आपल्याकडच्या मंडळींचा गोंधळ होतो तो आयपीएलमुळे, असं मला वाटतं. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपयांची पर्स होती. लखनौने ऋषभ पंतसाठी २७ कोटी मोजले आणि त्या हंगामाच्या पर्समधून ते २७ कोटी गेले. विषय संपला. एनएफएलमध्ये असं होत नाही. तिथे खेळाडूच्या हातात पैसे पडण्याची तारीख आणि ते पैसे कॅपमध्ये मोजण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘थोतांड’ म्हणणारे पहिली तारीख बघतात आणि दुसरी विसरतात.

वर्षाचा मूळ पगार त्या-त्या वर्षी मोजला जातो. त्यात गंमत काही नाही. गंमत सायनिंग बोनसमध्ये आहे. सही केल्यावर मिळणारी ही रक्कम खेळाडूच्या खिशात लवकर जाते, पण कॅपमध्ये ती कराराच्या वर्षांवर समान वाटून मांडतात, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. ज्यांनी कधी ताळेबंद पाहिला आहे त्यांना ‘घसारा’ एवढं म्हटलं तरी पुरे. इचलकरंजीतल्या कारखानदाराने माग रोखीने घेतला, तरी खर्च वहीत दरवर्षी थोडा थोडा पडतो. माग मधेच भंगारात काढला, तर उरलेली पुस्तकी किंमत एकदम खर्ची घालावी लागते. या शेवटच्या वाक्यातच एनएफएलमधल्या जनरल मॅनेजरांच्या झोपा उडतात.

आता मर्यादेच्या वर गेलेला संघ काय करतो ते बघा. समजा, एका खेळाडूचे पाच हंगाम उरले आहेत आणि यंदाचा मूळ पगार ३ कोटी डॉलर आहे. संघ त्यातले १२ लाख पगार म्हणून ठेवतो आणि उरलेले २ कोटी ८८ लाख बोनसमध्ये बदलतो. हे झालं ‘रिस्ट्रक्चर’. बोनस पाच वर्षांवर वाटला की वर्षाला ५७ लाख ६० हजार. यंदा कॅपमध्ये ३ कोटींऐवजी ६९ लाख ६० हजारच मोजले जातात. म्हणजे २ कोटी ३० लाख ४० हजारांची जागा मोकळी झाली आणि बातमी आली : ‘संघासाठी खेळाडूचा त्याग’.

कसला त्याग? त्याला ३ कोटी मिळायचे होते, ३ कोटीच मिळाले, उलट बहुतेक वेळा लवकर मिळाले. आणि संघाने ‘वाचवलेले’ २ कोटी ३० लाख ४० हजार पुढच्या चार वर्षांच्या डोक्यावर जाऊन बसले. त्यातला एक सेंटही माफ झालेला नाही.

करार छोटा असेल तर संघ त्याच्या शेवटी नावापुरती वर्षं जोडतात. त्या वर्षांत खेळाडू खेळणार नसतो, हे दोन्ही बाजूंना सही करतानाच माहीत असतं; फक्त वाटणीसाठी वर्षं हवी असतात. ठरलेल्या तारखेला ती वर्षं आपोआप रद्द होतात आणि न मोजलेला बोनस एकदम अंगावर येतो. याला तिथे ‘डेड मनी’ म्हणतात : खेळाडू गेला, आकडा राहिला.

हे कागदावरचं पटत नसेल, तर रसेल विल्सनचं उदाहरण घ्या. मार्च २०२२ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने या क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणाच्या सूत्रधाराला, सिअॅटलकडून आणलं. त्याच्या जुन्या कराराची दोन वर्षं बाकी होती. तरीही हंगाम सुरू होण्याआधीच, सप्टेंबर २०२२ मध्ये, त्यांनी त्याला पाच वर्षांची मुदतवाढ दिली. बातम्यांत आकडा होता २४ कोटी ५० लाख डॉलर. विल्सन डेन्व्हरसाठी ३० सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, त्यातले ११ जिंकले. डिसेंबर २०२३ मध्ये शेवटच्या दोन सामन्यांसाठी त्याला बाकावर बसवलं आणि मार्च २०२४ मध्ये सोडून दिलं. वाढवलेली पाच वर्षं २०२४ पासून सुरू व्हायची होती. म्हणजे ज्या मुदतवाढीचा एवढा गाजावाजा झाला, तिच्यातला एकही सामना तो डेन्व्हरकडून खेळला नाही.

आणि बिल? सायनिंग बोनस ५ कोटींचा होता. त्याचे दोन हप्ते मोजून झाले होते, ३ कोटी बाकी. २०२३ मध्ये दिलेला २ कोटींचा आणखी एक बोनस होता, त्याचा एक हप्ता झाला होता, १ कोटी ६० लाख बाकी. शिवाय २०२४ चा ३ कोटी ९० लाखांचा पगार हमीचा. बेरीज : ८ कोटी ५० लाख डॉलर, एनएफएलच्या इतिहासात तोवर कुठल्याही एका खेळाडूमागे लागलेला सर्वांत मोठा डेड मनी. नियमात १ जूननंतर सोडल्याचं दाखवून हा बोजा दोन वर्षांत विभागता येतो, तेवढीच सवलत त्यांनी घेतली. २०२४ मध्ये ५ कोटी ३० लाख, २०२५ मध्ये ३ कोटी २० लाख. विल्सन २०२४ मध्ये पिट्सबर्गच्या संघात होता, किमान वेतनावर, १२ लाख १० हजार डॉलरला. उरलेला पगार डेन्व्हरच भरत होतं.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो : पण त्याच २०२४ मध्ये डेन्व्हर १० सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेलंच की! गेलं. कारण त्यांनी क्वार्टरबॅक म्हणून बो निक्स हा नवखा मुलगा खेळवला, ज्याचा चार वर्षांचा संपूर्ण करार २ कोटी डॉलरच्या आत होता. ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, आलेल्या खेळाडूचा पगार नियमाने बांधलेला असतो. मेलेल्या करारासाठी पाच कोटी मोजायचे, तर जिवंत क्वार्टरबॅक स्वस्तातला हवा. डेन्व्हरला तो लगेच सापडला, हे त्यांचं नशीब आणि थोडी पारख. ही मर्यादा खोटी असती, तर त्यांना स्वस्तातला शोधावा कशाला लागला असता?

‘थोतांड’वाल्यांच्या म्हणण्यात खरं किती, तेही सांगायला हवं. पगार पुढे ढकलणं फायद्याचं ठरू शकतं, कारण मर्यादा बहुतेक वर्षी वाढते. आजचे १ कोटी डॉलर हे २५ कोटींच्या मर्यादेतले ४ टक्के असतील, तर मर्यादा ३० कोटी झाल्यावर तेच साडेतीन टक्क्यांच्याही खाली येतात. टीव्हीचे करार शंभर अब्ज डॉलरच्या पलीकडे गेले आहेत, तेव्हा ही वाढ पुढेही होईल अशी पैज संघ लावतात. पण ती पैज आहे. महामारीमुळे २०२१ मध्ये मर्यादा १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली. न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी वर्षानुवर्षं पुढे ढकललेलं ओझं त्याच वर्षी दारात उभं राहिलं. जवळपास १० कोटी डॉलर कमी करायचे होते. त्यांनी ते केले, अर्थातच आणखी पुढे ढकलून. लोक म्हणाले, बघा, कॅप खोटी! त्यानंतर २०२१ ते २०२४ या चार हंगामांत सेंट्स एकदाही प्लेऑफमध्ये पोचले नाहीत.

याच तंत्राचा फिलाडेल्फिया ईगल्सइतका सढळ वापर फार थोडे करतात, आणि त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवून सुपर बोल जिंकला. फरक आहे तो कोणाला मुदतवाढ द्यायची आणि केव्हा, यात. ईगल्सनी क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सशी एप्रिल २०२३ मध्ये, नियमाने शक्य होताच, वर्षाला सरासरी ५ कोटी १० लाखांवर करार केला. त्या दिवशी तो सर्वांत महागडा होता. दोन आठवड्यांत लमार जॅक्सन त्याच्या पुढे गेला. डॅलसचे मालक जेरी जोन्स मात्र डॅक प्रेस्कॉटच्या बाबतीत सप्टेंबर २०२४ मधल्या पहिल्या सामन्याच्या दिवसापर्यंत थांबले आणि वर्षाला ६ कोटी देऊन बसले. क्वार्टरबॅकचा भाव थांबल्याने उतरत नाही. ज्याला ठेवायचंच आहे, त्याच्याशी लवकर बोलावं, हे ईगल्सना कळलं.

दुसरा गैरसमज मथळ्यातल्या आकड्याचा. बास्केटबॉल आणि बेसबॉलमधले करार बहुतांशी हमीचे असतात, एनएफएलमधले नसतात. पॅट्रिक महोम्सचा जुलै २०२० चा दहा वर्षांचा करार ‘५० कोटी ३० लाखांपर्यंतचा’ होता. त्यातल्या ‘पर्यंत’ या शब्दावर कोणी थांबत नाही. प्रत्यक्षात सायनिंग बोनस १ कोटी होता आणि पुढचे मोठे तुकडे टप्प्याटप्प्याने हमीचे होत जाणार होते. सप्टेंबर २०२३ मध्ये तो करार पुन्हा मांडून २०२३ ते २०२६ या चार वर्षांत २१ कोटी ६ लाख द्यायचं ठरलं. पूर्ण हमीचा मोठा करार म्हणजे डेशॉन वॉटसनचा : पाच वर्षं, २३ कोटी, क्लीव्हलंड, २०२२. तो त्या संघाला किती महागात पडला हे पाहिल्यावर बाकीचे मालक तसा करार का टाळतात, हे वेगळं सांगायला नको.

तिसरा नेहमीचा प्रश्न : ‘स्वस्तात खेळणाऱ्या त्या नवख्या पोराला लगेच वाढ का देत नाहीत?’ देता येत नाही म्हणून. ड्राफ्टमधल्या खेळाडूला तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत मुदतवाढ देण्याची बंदी आहे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडलेला ब्रॉक पर्डी सॅन फ्रान्सिस्कोला फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलपर्यंत घेऊन गेला, तेव्हा त्या हंगामाचा त्याचा पगार ८ लाख ७० हजार डॉलर होता. मे २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचे २६ कोटी ५० लाख मिळाले.

खेळाडू दुसऱ्या संघाला दिला की ओझंही जातं? नाही, न मोजलेला बोनस जुन्याच संघाच्या नावावर राहतो. मॅट रायनला २०२२ मध्ये इंडियानापोलिसला दिल्यावर अटलांटाच्या माथी ४ कोटी ५ लाख आले.

निवृत्त झाला तर? तरीही राहतो. टॉम ब्रेडी गेला तेव्हा टॅम्पा बेच्या २०२३ च्या हिशोबात ३ कोटी ५१ लाख होते.

न वापरलेली कॅप मालकाच्या खिशात जाते, हेही चूक. ती पुढच्या वर्षी नेता येते, आणि ठरावीक वर्षांच्या टप्प्यात किमान किती रोख खर्च करायचा याचंही बंधन आहे.

फ्रँचायझी टॅग (करार संपलेल्या खेळाडूला ठरावीक पगारावर आणखी एक वर्ष अडकवून ठेवण्याचा संघाचा हक्क) म्हणजे गुलामी, असं म्हणणाऱ्यांनी कर्क कझिन्सचा खातेउतारा पाहावा : वॉशिंग्टनने त्याला लागोपाठ दोनदा टॅग लावला, १ कोटी ९९ लाख ५० हजार आणि मग नियमाप्रमाणे त्यावर २० टक्के वाढवून २ कोटी ३९ लाख ४० हजार. त्यानंतर तो मोकळा झाला आणि मिनेसोटाकडून ८ कोटी ४० लाख घेतले, तीन वर्षं, सगळे हमीचे.

आणि ‘टेबलाखालून देतातच की’ हा शेवटचा. काहींनी दिले, आणि सापडले. सॅन फ्रान्सिस्कोला २००० साली दंड झाला, ड्राफ्टमधल्या निवडीही गेल्या. डेन्व्हरने १९९० च्या दशकात जॉन एलवे आणि टेरेल डेव्हिस यांच्याशी केलेले रक्कम लांबणीवर टाकण्याचे व्यवहार लपवले. त्याबद्दल २००१ मध्ये ९ लाख ६८ हजार आणि २००४ मध्ये ९ लाख ५० हजार डॉलर भरले, शिवाय दोन्ही वेळा तिसऱ्या फेरीची एक निवड गमावली.

ज्याला अजूनही शंका आहे त्याने ‘ओव्हर द कॅप’ किंवा ‘स्पोट्रॅक’ या संकेतस्थळांवर आपल्या आवडत्या संघाचं पान उघडावं. यंदाचा रकाना सोडून पुढच्या तीन वर्षांचे रकाने आणि डेड मनीची बेरीज बघावी. मग खुशाल वाद घालायला यावं.