दोन घड्याळांची झोप

पुण्यातल्या आई-बाबांची सकाळ सहाला होते. पहिला चहा झाला की कुटुंबाच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट ‘शुभ सकाळ’ येते. लंडनला, लेस्टरला, ग्लासगोला तेव्हा हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. उशाशी ठेवलेला फोन थरथरतो आणि ‘तिकडे सगळं ठीक आहे ना’ या धास्तीने आपण तो हातात घेतो. गुलाब पाहून जीव भांड्यात पडतो, पण झोप उडते ती उडतेच.

झोपेवरच्या प्रत्येक लेखात ‘फोन खोलीबाहेर ठेवा’ असं लिहिलेलं असतं. ज्यांचे आई-वडील पंचाहत्तरीचे आहेत आणि सात हजार किलोमीटरवर आहेत, त्यांना हे कसं जमावं? मधला मार्ग आहे. फोनच्या ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये निवडक नंबरांना सूट देता येते. आई-बाबा, भाऊ-बहीण आणि सोसायटीतले एखादे भरवशाचे काका यांचा कॉल वाजेल, बाकी सारे मेसेज सकाळपर्यंत गप्प राहतील. फोन मात्र हात पोचणार नाही असा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा.

आपल्यापैकी पुष्कळ जण दोन घड्याळांवर जगतात. हिंजवडीच्या टीमची साडेदहाची मीटिंग म्हणजे इथे पहाटेचे पाच. भारतातली कसोटी साडेनऊला सुरू होते, म्हणजे हिवाळ्यात आपले चार. (कसोटीसाठी उठू नका असं सांगण्याची माझी प्राज्ञा नाही.) त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ एक तास मागे जातं आणि साडेचार तासांचं अंतर साडेपाच होतं.

ही घड्याळं पुढे-मागे करण्याची कल्पना विल्यम विलेट या बिल्डरची. सकाळी घोड्यावरून फेरफटका मारताना लोक उजाडल्यावरही पडदे लावून झोपलेले पाहून ते अस्वस्थ झाले. १९०७ साली त्यांनी पत्रक काढलं, १९१५ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी, महायुद्धाच्या धामधुमीत, कायदा झाला. ‘कोल्डप्ले’चा ख्रिस मार्टिन हा त्यांचा खापरपणतू. त्या बँडचं ‘क्लॉक्स’ नावाचं गाणं आहे, हा योगायोगच!

खरी अडचण मात्र त्या एका तासाची नाही, उजेडाची आहे. मुंबईत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सव्वादोन तासांचा फरक असतो. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा, तर डिसेंबरचा आठ तासांहूनही लहान. स्कॉटलंडमध्ये तर बोलायलाच नको. ऑक्सफर्डचे प्रा. रसेल फॉस्टर यांनी १९९० च्या दशकात उंदरांवर दाखवून दिलं, की दृष्टीच्या नेहमीच्या पेशी नसल्या तरी डोळे उजेडावरून शरीराचं घड्याळ लावतात. त्यांना उजेड मात्र भरपूर लागतो. घरातल्या दिव्यांचा उजेड दोन-तीनशे लक्स. ढगाळ दिवशीही दुपारी बाहेर काही हजार. म्हणून हिवाळ्यात सकाळी किंवा जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर पडणं हे कोणत्याही गोळीआधीचं औषध. जूनमध्ये उलट: पहाटे पावणेपाचला सूर्य उगवतो, तेव्हा खिडकीला जाड काळे पडदे हवेत.

रविवारची वामकुक्षीही जपून. श्रीखंड-पुरीनंतर आडवं व्हावं आणि उठावं तो चारलाच बाहेर काळोख, अशी दोन तासांची झोप रात्रीच्या खात्यातून वजा होते. वीस मिनिटं पुरेत, तीही तीनच्या आत. मंडळाच्या कार्यक्रमानंतर रात्री आठला होणारा चहाही तसाच. त्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनंतरही अंगात असतं.

महिनोन्‌महिने झोप लागत नसेल तर जीपीकडे जावं. ‘गोळी देतच नाहीत’ ही आपली नेहमीची तक्रार, पण त्यामागे कारण आहे. जुनाट निद्रानाशावर इथला पहिला उपचार सीबीटी-आय हा असतो. झोप आली तरच पलंगावर जायचं, बराच वेळ जाग राहिली तर उठून मंद उजेडात बसायचं, आणि रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच. ऐकायला सोपं, करायला पहिले दोन-तीन आठवडे जिकिरीचं. ‘स्लीपिओ’ हा याच पद्धतीचा डिजिटल कार्यक्रम २०२२ मध्ये ‘नाइस’ने सुचवला. मेलाटोनिन इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेतून ते मागवणं बरं नव्हे.

शेवटी घोरणं. आपल्याकडे तो चेष्टेचा विषय, शिवाय ‘गाढ झोपलाय बिचारा’ ही समजूत. घोरता घोरता श्वास थांबत असेल, माणूस दचकून श्वास घेत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. हे आधी लक्षात येतं ते शेजारी झोपणाऱ्याच्या. तेव्हा जीपीकडे दोघांनी मिळून जावं. तपासणी बहुधा घरीच, एका रात्रीत होते, आणि सीपॅप यंत्र एनएचएस देते. बरेच जण लायसन्सच्या भीतीने टाळतात. पेंगण्यामुळे गाडी चालवणं सुरक्षित नसेल तर चालवायची नाही, आणि निदान झाल्यावर डीव्हीएलएला कळवावं लागतं, हे खरं. न कळवल्यास हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण उपचाराने पेंग आटोक्यात आली की पुन्हा गाडी चालवता येते. एम-वनवर रात्री अकराला, मंडळाच्या कार्यक्रमाहून परतताना, मागे मुलं झोपलेली असताना डोळा लागण्यापेक्षा तो फॉर्म भरलेला बरा.