शिकोकूची ८८ मंदिरांची पदयात्रा आणि परदेशी यात्रिक

जपानच्या चार प्रमुख बेटांपैकी सर्वांत लहान असलेल्या शिकोकू या बेटावर ८८ बौद्ध मंदिरांना जोडणारा एक प्राचीन यात्रामार्ग आहे. त्याची लांबी सुमारे १२०० किलोमीटर असून तो पायी पूर्ण करावयास साधारणतः ४० ते ५० दिवस लागतात. ही यात्रा आणि ती करणारा यात्रिक या दोहोंनाही जपानी भाषेत ‘हेन्रो’ ही एकच संज्ञा आहे. १९५३ साली बसगाडीने सामुदायिक यात्रा सुरू झाल्यापासून बहुसंख्य जपानी भाविक वाहनाने यात्रा करतात. पायी चालणाऱ्यांत मात्र अलीकडच्या काळात परदेशी व्यक्ती ठळकपणे दिसू लागल्या आहेत. जपानी भाषा न येणारा, बौद्ध उपासनेचा संस्कार नसलेला, दूरच्या देशातून आलेला माणूस या मार्गावर चालू लागतो, तेव्हा त्यास यात्रिक म्हणावे की केवळ प्रवासी, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार यात्रेच्या रचनेच्या आधारे, विशेषतः यात्रिकास वाटेत मिळणाऱ्या दानाच्या प्रथेच्या आधारे करावयाचा आहे.

मार्गाची रचना

मराठी वाचकास पायी यात्रा म्हटली की प्रथम पंढरीची वारी आठवते. वारीला निश्चित गंतव्य आहे आणि वारकरी दिंडीसमवेत चालतो. शिकोकूची यात्रा रचनेच्या दृष्टीने नर्मदा परिक्रमेला अधिक जवळची आहे. ती वर्तुळाकार असल्याने कोणत्याही मंदिरापासून आरंभ केला तरी चालतो, आणि वर्तुळ पूर्ण झाले की यात्रा पूर्ण होते. बहुतेक यात्रिक क्रमांक १ च्या र्‍योझेनजी या मंदिरापासून निघून प्रदक्षिणाक्रमाने क्रमांक ८८ च्या ओकुबोजीपर्यंत जातात. त्यानंतर बेटाबाहेर, होन्शूवरील कोया पर्वतावर जाऊन यात्रापूर्तीबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्याची प्रथा आहे.

या यात्रेचे अधिष्ठान म्हणजे कूकाई (७७४–८३५) हा थोर आचार्य होय. मरणोत्तर ‘कोबो दाइशी’ या उपाधीने तो जपानभर पूज्य झाला. शिकोकूच्याच सानुकी प्रांतात जन्मलेला कूकाई ८०४ साली चीनला गेला, चांगआन येथे हुइगुओ या आचार्याकडून त्याने तंत्रमार्गी बौद्ध परंपरेची दीक्षा घेतली आणि ८०६ साली परत येऊन जपानमध्ये शिंगोन संप्रदायाची स्थापना केली. चांगआनमध्ये प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे त्याने संस्कृतचे अध्ययन केले होते. त्याने जपानमध्ये आणलेल्या सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे आजही यात्रामार्गावरील शिलास्तंभांवर आणि यात्रिकांच्या वस्त्रांवर आढळतात. ही लिपी देवनागरीप्रमाणेच ब्राह्मीपासून उद्भवलेली असल्याने भारतीय पांथस्थास तिच्यात अनपेक्षित ओळखीच्या खुणा दिसतात. पहिल्या मंदिराचे नावही राजगृहाजवळील गृध्रकूट पर्वतावरून आले आहे.

यात्रा स्वतः कूकाईने स्थापन केली अशी परंपरागत श्रद्धा आहे. अभ्यासकांच्या मते मात्र सागरकिनाऱ्याने भ्रमण करणाऱ्या तपस्व्यांच्या वाटांतून ती शतकानुशतके हळूहळू घडत गेली. १६८७ साली शिन्नेन या परिव्राजकाने तयार केलेल्या मार्गदर्शिकेमुळे ती सामान्य जनांच्या आवाक्यात आली. ८८ मंदिरांपैकी ८० शिंगोन संप्रदायाची असली तरी उर्वरित ८ तेंदाई, झेन आणि जी या संप्रदायांची आहेत. यात्रिकाने विशिष्ट संप्रदायाचा अनुयायी असावे अशी अट येथे नाही.

बेटावरील चार प्रांतांना साधनेच्या चार अवस्था कल्पिल्या आहेत. आवा हा बोधिचित्ताच्या उदयाचा प्रांत (मंदिरे १ ते २३), तोसा साधनेचा (२४ ते ३९), इयो बोधीचा (४० ते ६५) आणि सानुकी निर्वाणाचा (६६ ते ८८). ही विभागणी भूगोलाशी सुसंगत आहे. आरंभीची मंदिरे परस्परांच्या निकट आहेत, परंतु १२ व्या शोसानजीकडे जाणारी डोंगरवाट यात्रिकाची पहिली खडतर परीक्षा घेते. तोसामध्ये तर अंतरे अतिशय वाढतात. २३ व्या मंदिरापासून २४ व्या मंदिरापर्यंत सुमारे ७५ किलोमीटर, तर ३७ व्यापासून आशिझुरी भूशिरावरील ३८ व्या मंदिरापर्यंत ८० किलोमीटरांहून अधिक चालावे लागते. एका मंदिराच्या दर्शनासाठी तीन-तीन दिवस समुद्रकाठच्या डांबरी रस्त्याने चालणे हीच तेथील साधना ठरते.

वेश आणि विधी

यात्रिकाचा वेश साधा व अर्थपूर्ण असतो. पांढरा अंगरखा, गवताची विणलेली टोपी, हाती काठी आणि झोळीत मुद्रावही. पांढरे वस्त्र हे प्रेतवस्त्राचेही द्योतक आहे. पूर्वी वाटेत मरण पावलेल्या यात्रिकाच्या थडग्यावर त्याचीच काठी रोवीत असत. या काठीस ‘कोंगोझुए’ म्हणजे वज्रदंड म्हणतात आणि ती साक्षात कोबो दाइशीचे रूप मानली जाते. म्हणूनच मुक्कामी पोहोचल्यावर आधी काठीचे टोक धुवायचे, मग स्वतःकडे पाहायचे, असा संकेत आहे. एके रात्री दाइशीला पुलाखाली झोपावे लागले होते अशी आख्यायिका असल्याने पुलावर काठी टेकू नये असेही मानतात. टोपीवर ‘दोग्यो निनिन’, म्हणजे ‘दोघे सहयात्री’, अशी अक्षरे असतात. एकटा चालणारा यात्रिकही दाइशीच्या सोबतीनेच चालत असतो, हा त्यामागील भाव होय.

प्रत्येक मंदिरात महाद्वारी नमन, हातमुख धुणे, मुख्य मंदिरात दीप व धूप अर्पण, नाममुद्रिकेचे समर्पण आणि प्रज्ञापारमिताहृदयसूत्राचे पठण असा क्रम आहे. तोच क्रम दाइशीच्या मंदिरात पुन्हा करावयाचा असतो. त्यानंतर मुद्रावहीत मंदिराची लाल मुद्रा व हस्ताक्षर घेता येते. हे कार्यालय सायंकाळी ५ वाजता बंद होत असल्याने पदयात्रिकाच्या दिवसाचे वेळापत्रक त्यानुसार ठरते. परदेशी माणसास हे विधी अनुकरणाने शिकता येतात आणि कोणी त्याच्या श्रद्धेची चौकशी करीत नाही.

‘ओसेत्ताइ’ : दान घेण्याचे कर्तव्य

या यात्रेचे खरे वैशिष्ट्य ‘ओसेत्ताइ’ या प्रथेत आहे. मार्गावरील रहिवासी यात्रिकास संत्री, चहा, भाताचे गोळे, कधी थोडे पैसे, तर कधी रात्रीचा निवारा देतात. नर्मदेकाठच्या सदावर्ताशी या प्रथेचे साम्य असले तरी तिच्यातील विचार काहीसा भिन्न आहे. यात्रिक दाइशीसमवेत चालत असल्याने त्यास दिलेले दान दाइशीस पोहोचते. जो स्वतः यात्रेस जाऊ शकत नाही, तो चालणाऱ्याच्या द्वारे यात्रेत सहभागी होतो. त्यामुळे हे दान नाकारणे अनुचित मानले जाते. स्वीकारणाऱ्याने आभारपूर्वक आपली नाममुद्रिका द्यावी, असा संकेत आहे. या मुद्रिकांचा रंगही यात्रांच्या संख्येनुसार बदलतो. नवागताची पांढरी, तर शंभराहून अधिक वेळा यात्रा केलेल्याची किनखापी असते.

दान नाकारण्याचे परिणाम सांगणारी एमोन साबुरोची कथा या यात्रेच्या मुळाशीच आहे. दारी आलेल्या भिक्षूस या श्रीमंताने हाकलून दिले आणि त्याचे भिक्षापात्र फोडले. त्यानंतर त्याची आठ मुले एकामागून एक मरण पावली. तो भिक्षू दाइशी होता हे उमजल्यावर पश्चात्तापदग्ध होऊन त्याने वीस वेळा बेटाची परिक्रमा केली. तरीही भेट न झाल्याने एकविसाव्या वेळी तो उलट दिशेने निघाला आणि शोसानजीनजीक मरणासन्न असताना त्यास दाइशीचे दर्शन घडले. या कथेनुसार पहिला हेन्रो हा दाराशी आलेल्या अनोळखी माणसास न ओळखू शकलेला मनुष्य होय.

परदेशी पदयात्रिकाची अडचण येथेच सुरू होते. तो बहुधा स्वावलंबनाच्या भावनेने निघालेला असतो. आपला खर्च आपण करावा, कोणाचे ऋण ठेवू नये, अशी त्याची धारणा असते. एखादी वृद्धा संत्र्यांची पिशवी हाती देते तेव्हा तो संकोचतो, किंमत विचारतो किंवा परतभेट देऊ पाहतो. कालांतराने त्यास कळते की येथे परतफेड अपेक्षित नाही, स्वीकार अपेक्षित आहे. ज्या क्षणी तो निमूटपणे हात पुढे करतो, त्या क्षणी देणाऱ्याच्या दृष्टीने तो हेन्रो झालेला असतो.

परकेपणाचा जुना इतिहास

परका माणूस या यात्रेस नवा नाही. जपानी यात्रिकही शिकोकूच्या गावांना परप्रांतीयच होता. एदो काळात त्यास परवाना बाळगावा लागे. वाटेत मृत्यू आल्यास स्थानिक रीतीने अंत्यसंस्कार करावेत, गावी कळविण्याची आवश्यकता नाही, असा मजकूर अशा परवान्यांत आढळतो. तोसाच्या सत्तेने तर यात्रिकांच्या प्रवेशाची व निर्गमनाची ठिकाणे ठरवून दिली होती. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्टार यांनी १९२१ साली ही यात्रा केली, तर मात्सुयामा येथे अध्यापन करणाऱ्या आल्फ्रेड बोनर यांनी या यात्रेवरील आपला जर्मन ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध केला. आजच्या परदेशी यात्रिकांची परंपरा अशी शंभर वर्षांची आहे.

तथापि या आतिथ्यास मर्यादाही होत्या, हे नमूद करणे आवश्यक आहे. घरातून बहिष्कृत झालेले कुष्ठरोगी आणि निराधार भिक्षेकरी आयुष्यभर या मार्गावर फिरत असत. त्यांना दान मिळे, तसाच तिरस्कारही वाट्यास येई. भटक्या कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याचा पहिला कायदा जपानमध्ये १९०७ साली झाला आणि विलगीकरणाचे धोरण कायद्याने १९९६ साली संपले. २०१४ साली मार्गावरील विश्रांतिस्थानांत कोरियन लोकांविरुद्धची भित्तिपत्रके आढळली, तेव्हा कोणता परका स्वीकारार्ह आणि कोणता नाही, हा जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला.

समारोप

सारांश, परदेशी पदयात्रिकास हेन्रो म्हणता येते, कारण मुळात ही यात्राच अनोळखी माणसास घरात घेण्याच्या नियमावर उभी आहे. श्रद्धेपेक्षा स्वीकाराची तयारी ही येथे प्रवेशाची अट ठरते. मात्र या व्यवस्थेला घेणाऱ्याइतकीच देणाऱ्याचीही गरज असते. शिकोकूची खेडी आज वेगाने ओस पडत असून दान देणाऱ्यांत वृद्धांचा भरणा मोठा आहे. चालणारे वाढत जातील आणि दारे मिटत जातील, अशी स्थिती आल्यास वाट शिल्लक राहील, परंतु तिला हेन्रो म्हणता येईल काय, हा या यात्रेच्या अभ्यासकांपुढील खरा प्रश्न आहे.