डेटा ग्रिडमधील दशांश संख्यांची मांडणी

डेटा ग्रिडमधील दशांश संख्यांची मांडणी म्हणजे संगणकावरील अनुप्रयोगात ओळी व स्तंभांच्या तक्त्यात अपूर्णांकी संख्या कशा रूपात दाखवायच्या, हे ठरवण्याची प्रक्रिया. दशांश स्थळे किती असावीत, दशांश चिन्ह कोणते असावे, अंकांचे गट कसे पाडावेत व संख्या स्तंभात कोणत्या बाजूला लावाव्यात, या बाबी तीत येतात. मांडणीमुळे केवळ दिसणारा मजकूर बदलतो. साठवलेली मूळ किंमत बदलत नाही. हा भेद दुर्लक्षित राहिल्यास हिशेबात आणि निर्णयांत चुका होऊ शकतात.

== पार्श्वभूमी ==

बहुतेक संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवतात. या पद्धतीचे आयईईई ७५४ हे मानक १९८५ साली प्रसिद्ध झाले. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश ही संख्या जशी संपत नाही, तशी द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या संपत नाही. त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज अनेक आज्ञावली भाषांत ०.३०००००००००००००००४ अशी दिसते. पैशांच्या व्यवहारांसाठी म्हणूनच दशमान प्रकार वापरतात. डॉट नेटमधील ‘डेसिमल’ हा प्रकार १२८ बिटांचा असून त्यात २८ ते २९ सार्थ अंक मावतात.

== मांडणीच्या पद्धती ==

विंडोज फॉर्म्समधील ‘डेटाग्रिडव्ह्यू’ हा घटक डॉट नेट फ्रेमवर्कच्या २.० या आवृत्तीत आला. त्यात प्रत्येक स्तंभाच्या सेल-शैलीला स्वरूपसूत्र देता येते. ‘एन’ या अक्षरापुढे २ हा अंक लिहिल्यास संख्या गट पाडून व दोन दशांश स्थळांसह दिसते. स्वतःचे सूत्र रचताना शून्य सक्तीचे स्थान दर्शवते, तर हॅशचे चिन्ह ऐच्छिक स्थान दर्शवते. त्यामुळे ५.५ ही संख्या पहिल्या प्रकारे ५.५० अशी, तर दुसऱ्या प्रकारे ५.५ अशीच दिसते. सेलनुसार वेगळे रूप हवे असल्यास सेल रंगवण्यापूर्वी घडणाऱ्या ‘सेलफॉरमॅटिंग’ या घटनेत ते ठरवता येते.

जावातील ‘जेटेबल’ हा घटक हेच काम सेल-रेंडररकडून करून घेतो. त्यात अपूर्णांक मुळातच उजवीकडे लावले जातात आणि जास्तीत जास्त तीन दशांश स्थळे दाखवली जातात. क्यूटी या संचात हे काम डेलिगेटकडे असते.

स्तंभातील किंमत संख्या नसून मजकूर असेल, तर संख्येचे स्वरूपसूत्र लागू होत नाही. उलट, केवळ रूपासाठी संख्येचे मजकुरात रूपांतर केल्यास क्रमवारी बिघडते व १०० ही संख्या २० च्या आधी येते.

== प्रदेशानुसार फरक ==

एकच संख्या भारतात १२,३४,५६७.८९, अमेरिकेत १,२३४,५६७.८९ आणि जर्मनीत १.२३४.५६७,८९ अशी लिहितात. वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने २००३ साली बिंदू व स्वल्पविराम ही दोन्ही दशांश चिन्हे मान्य केली. लाख-कोटींच्या पद्धतीत पहिला गट तीन अंकांचा व पुढील गट दोन अंकांचे असतात. युनिकोडच्या सीएलडीआर या स्थानिक माहितीच्या संग्रहात मराठीसाठी हीच गटरचना आणि देवनागरी अंक दिलेले आहेत.

अनुप्रयोग ही माहिती साधारणतः संगणकाच्या प्रादेशिक मांडणीतून घेतात. डब्ल्यूपीएफमध्ये मात्र बंधनातील स्वरूपसूत्र मुळात अमेरिकी इंग्रजीची मांडणी वापरते. भाषा स्वतंत्रपणे न नेमल्यास लाखांचे गट दिसत नाहीत. वापरकर्त्याने भरलेला मजकूर पुन्हा संख्येत वाचतानाही हीच मांडणी लागते. जर्मन मांडणीत १.२३४ हा मजकूर एक हजार दोनशे चौतीस असा वाचला जाऊ शकतो.

== दिसणारी व साठवलेली किंमत ==

तीन ओळींत प्रत्येकी १०.३३४ ही किंमत असून दोन दशांश स्थळे दाखवल्यास प्रत्येक ओळीत १०.३३ दिसते. बेरीज मात्र ३१.००२, म्हणजे ३१.०० अशी दिसते. दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज करणाऱ्याला ३०.९९ मिळतात. बिलासारख्या कागदपत्रांत म्हणूनच प्रत्येक ओळीची रक्कम आधी प्रत्यक्ष जवळच्या पैशात आणून मग बेरीज करतात. नेमक्या मध्यावरच्या किमतीसाठीही नियम ठरवावा लागतो. शालेय गणितात २.५ चे ३ होतात. डॉट नेटमधील ‘मॅथ राउंड’ ही क्रिया मात्र जवळची सम संख्या निवडते व २ हे उत्तर देते.

== परिणाम ==

जर्मनीतील श्लेस्विग-होलश्टाइन राज्याच्या एप्रिल १९९२ मधील निवडणुकीत विधानसभेत प्रवेशासाठी पाच टक्के मतांची अट होती. निकाल छापणारी आज्ञावली एकच दशांश स्थळ दाखवत असल्याने ग्रीन पक्षाची ४.९७ टक्के मते ५.० टक्के अशी दिसली. चूक लक्षात आल्यावर जागावाटप बदलले, ग्रीन पक्ष सभागृहाबाहेर राहिला आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला एका जागेचे बहुमत मिळाले.

व्हँकुव्हर शेअर बाजाराने १९८२ साली १,००० अंकांवर सुरू केलेल्या निर्देशांकात प्रत्येक गणनेनंतर तिसऱ्या दशांश स्थळापुढील अंक कापून टाकले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक सुमारे ५२४ पर्यंत घसरला होता; दुरुस्तीनंतर तो सुमारे १,०९८ निघाला. पहिल्या घटनेत मूळ किंमत शाबूत होती, केवळ रूप फसवे होते; दुसऱ्या घटनेत मूळ किंमतच प्रत्येक वेळी थोडी थोडी घटत गेली.