जुन्या सायकलीची साखळी व दंतचक्रे : झीज व निदान

पायट्यांवर दिलेला जोर मागील चाकापर्यंत नेणारी रूळसाखळी, पायट्याच्या उजव्या भुजेवरील मोठे दंतचक्र आणि मागील तुंब्यावरील मुक्तचक्र अथवा फ्रीव्हील हे तीन भाग एकमेकांच्या संगतीने झिजतात. त्यांपैकी कोणता किती झिजला आहे, हे ठरविल्यावाचून एकच भाग बदलल्यास दुरुस्ती बहुधा फसते.

पुणे, खडकी व पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात सायकल हे दीर्घकाळ कामगारांचे मुख्य वाहन होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, तर पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झालेला. मुळा-पवना संगमाजवळच्या सांगवीहून दोन्ही ठिकाणे सायकलीच्या टप्प्यात येतात. त्या काळातील सायकली आता जतनाचा विषय झाल्या असून पुण्यात कर्वेनगर येथे २०१७ मध्ये विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय सुरू झाले. जतनाच्या दृष्टीने मोठे दंतचक्र हा मोलाचा भाग होय. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी, हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृती, बी.एस.ए.च्या चक्रात अद्याक्षरे कोरलेली असत. साखळी कोठेही मिळते. असे चक्र सहसा मिळत नाही. झिजलेली साखळी तशीच वापरीत राहिल्यास नेमके हेच चक्र खराब होते.

साखळी ‘ताणली’ असे म्हटले जाते, ते खरे नव्हे. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे सिद्ध केलेल्या रूळसाखळीत पट्ट्या, खिळी, खिळींवरील पुंगळ्या व त्यांवर फिरणारे रूळ असतात. पट्ट्या लांबत नाहीत. खीळ व पुंगळी एकमेकींवर घासून झिजतात. प्रत्येक सांध्यात अल्पसा ढिलेपणा येतो व त्या सर्वांची बेरीज म्हणजे साखळीची वाढलेली लांबी. दमट हवा, धूळ व पावसाळी चिखल यांनी ही झीज झपाट्याने होते. पूर्ण बंदिस्त आवरण असलेल्या सायकलींची साखळी म्हणूनच अधिक टिके.

मोजमापासाठी पोलादी पट्टी पुरते. प्रथम साखळी रॉकेलने धुवावी. सांध्यांत घट्ट बसलेला तेलकट मळ ढिलेपणा लपवितो. नेहमीच्या साखळीत लगतच्या खिळींमधील अंतर १२·७ मिमी. (अर्धा इंच) असते, म्हणून अशा २४ अंतरांची लांबी ३०४·८ मिमी. म्हणजे बरोबर एक फूट भरावयास हवी. साखळी ताणून धरून एका खिळीच्या मध्यापासून मोजावे. दीड मिमी.च्या आसपास वाढ म्हणजे सु. अर्धा टक्का झीज. येथे साखळी बदलणे शहाणपणाचे. तीन मिमी.हून अधिक वाढ म्हणजे एक टक्क्याच्या आसपास, व तेव्हा दातांचीही हानी झालेली असण्याचा संभव मोठा. फार जुन्या काही सायकलींत एक इंच अंतराची साखळी असते. तेथे बारा अंतरे मोजावीत. ११० अंतरांच्या साखळीत एक टक्का झीज म्हणजे सु. १४ मिमी. वाढ; ती झाकण्यासाठी मागील आस सु. ७ मिमी. मागे सरकवावा लागतो. आस खाचेच्या अगदी टोकाला गेलेला असेल, किंवा कोणी कड्या काढून साखळी आखूड केलेली असेल, तर तीही झिजेचीच खूण समजावी.

दातांची झीज डोळ्यांनी ओळखता येते. चांगला दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेल्याची एक बाजू खोल खाल्ली जाऊन टोक आकड्यासारखे वळते. ४४ व १८ दातांच्या जोडीत मुक्तचक्राचा प्रत्येक दात मोठ्या चक्राच्या दाताच्या जवळजवळ अडीचपट वेळा कामास येतो, म्हणून बहुतेक वेळा मुक्तचक्रच आधी जाते. मोठ्या चक्राच्या पुढच्या बाजूस साखळी बोटांनी ओढून पाहावी. ती दातांवरून बरीच वर उचलली गेल्यास साखळी वा दात झिजले आहेत. झिजलेली साखळी व झिजलेले दात एकत्र मुकाट चालतात, हे यातील फसवे. नवी साखळी घातली की रूळ आकड्यावर चढतात आणि जोर देताच साखळी उसळते. उभे राहून पायटे मारणारा स्वार अशा वेळी पडू शकतो.

दोष कोठला, हे त्याच्या आवृत्तीवरून कळते. पायट्याच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा साखळी ताठ व एकदा सैल होत असेल, तर मोठे चक्र मध्यभागापासून सरकलेले आहे. साखळी निर्दोष असू शकते. अडीच-एक फेऱ्यांनी खटका येत असेल, तर गंजलेली एखादी कडी अडते. ती तेल घालून वाकवून मोकळी करावी. जोर दिल्यावर पायटे एकदम रिकामे फिरतात, पण साखळी दातांवरून उडत नाही, तेव्हा मुक्तचक्राच्या आतील खिट्ट्या निसटत असतात. भुजेचा कॉटर ढिला झाल्यासही खटका बसतो; त्याला साखळी जबाबदार धरून अनेकदा उगाच खर्च केला जातो.

साखळी व मुक्तचक्र एकत्र बदलणे हाच सामान्य उपाय. मोठे चक्र मात्र फेकू नये. ते भुजेस वेगळे जोडलेले असल्यास उलटे बसवून न झिजलेली बाजू कामास आणता येते. अक्षरे तेवढी उलटी दिसतात. भुजेशी कायमचे जोडलेले असल्यास कॉटर काढून भुजेसह उतरवावे व नव्या साखळीशी पारखूनच परत बसवावे.