'चालू' प्राणवायुयंत्रांची विल्हेवाट

इ. स. २०२१ मधील करोनाच्या दुसऱ्या लाटेत अनेक कुटुंबांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेतले. अशी यंत्रे पुढे माळ्यावर पडून राहतात आणि 'चालू आहे' एवढ्याच ग्वाहीवर गरजू रुग्णास दिली जातात. 'चालू' या शब्दाची संदिग्धता येथे घातक ठरते. यंत्रातील झिओलाइटचे कण दाबाखालील हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात; त्यामुळे सुमारे ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळतो. यंत्र दीर्घकाळ बंद राहिल्यास हे कण दमट हवेने निकामी होऊ शकतात. तरीही यंत्र घरघरते, नळीतून झोत येतो. पण तो जवळजवळ साध्या हवेचाच असू शकतो, आणि आवाजावरून वा झोतावरून हा भेद कळत नाही. शुद्धता घटल्याची सूचना देणारा दिवा काही यंत्रांत असतो, सर्वांत नव्हे. सबब ऑक्सिजन-मापकाने तपासल्याखेरीज यंत्र कोणास देणे इष्ट नव्हे. (वापरलेली नाकातील नळी व पाण्याची बाटली तर देऊच नये.) तपासणीत उणे ठरलेले आणि दुरुस्त न होणारे यंत्र भंगारात न घालता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावे, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांत वैद्यकीय उपकरणांचाही अंतर्भाव आहे.