जयपूरचा झिका आणि प्रयोगशाळेत वाढवलेला मेंदू

जयपूरच्या शास्त्रीनगर परिसरात सप्टेंबर २०१८मध्ये झिका विषाणूचा रुग्ण आढळला आणि पुढील काही आठवड्यांतच राजस्थानातील बाधितांची संख्या दीडशेच्या पुढे गेली. त्यांत साठहून अधिक गर्भवती स्त्रिया होत्या. आजार तसा सौम्य. थोडा ताप, अंगावर पुरळ, डोळ्यांची लाली, सांधेदुखी. अनेकांना तर लागण झाल्याचे कळतही नाही. मात्र या स्त्रियांच्या पोटातील बाळांच्या मेंदूचे काय होणार, या प्रश्नाने आरोग्य यंत्रणेची झोप उडवली होती.

या भीतीचे मूळ ब्राझीलमध्ये होते. तेथे २०१५मध्ये झिकाची साथ पसरल्यानंतर मायक्रोसेफली, म्हणजे डोक्याचा व मेंदूचा आकार असाधारण लहान असणे, हे व्यंग घेऊन जन्मलेल्या बालकांची संख्या एकाएकी वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने १ फेब्रुवारी २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. तरीही विषाणू आणि व्यंग यांतील कार्यकारणसंबंध सिद्ध करणे सोपे नव्हते. वाढत्या गर्भाच्या मेंदूत डोकावून पाहणे शक्य नाही. उंदरांचाही फारसा उपयोग नव्हता, कारण माणसाच्या पेशींतील ज्या संरक्षक यंत्रणेला झिका निष्प्रभ करतो, ती उंदरांमध्ये त्याला दाद देत नाही.

अशा वेळी मदतीला आले ते ‘ऑर्गनॉइड’, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मेंदूच्या ऊतींचे गोळे. माणसाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी घेऊन त्यांना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेता येते. जपानचे शिन्या यामानाका यांना या शोधाबद्दल २०१२मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या मूलपेशींना योग्य पोषकद्रव्ये व आधार मिळाल्यास त्या आपसूक एकत्र येतात आणि गर्भाच्या मेंदूप्रमाणे थर रचू लागतात. व्हिएन्ना येथील मॅडेलिन लँकेस्टर व युर्गेन नोब्लिश यांनी २०१३मध्ये असे गोळे प्रथम तयार केले. आकार सुमारे चार मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा. विशेष म्हणजे त्यांनी अभ्यासासाठी निवडलेला विकार मायक्रोसेफली हाच होता. फक्त तो जनुकीय दोषातून आलेला होता.

२०१६च्या पूर्वार्धात रिओ डी जानिरो येथील शास्त्रज्ञांनी आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने या गोळ्यांना झिकाची लागण करून पाहिली. विषाणू चेतापेशींना जन्म देणाऱ्या पूर्वज पेशींवरच हल्ला करत होता. रिओतील प्रयोगात लागण झालेल्या गोळ्यांची वाढ सुमारे ४० टक्क्यांनी खुंटली. ब्राझीलच्या प्रसूतिगृहांत दिसलेले चित्र काचेच्या बशीत उमटले होते.

जयपूरच्या विषाणूबाबतचा प्रश्न पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे आला. त्याआधी २०१७मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी विषाणूच्या एका प्रथिनातील १३९व्या स्थानी झालेल्या बदलावर बोट ठेवले होते. नवजात उंदरांत आणि प्रयोगशाळेतील मानवी पूर्वज पेशींत या एका बदलामुळे मेंदूची हानी वाढत असल्याचे त्यांना आढळले होते. पुण्यात जयपूरच्या नमुन्यांचा जनुकीय क्रम वाचण्यात आला, तेव्हा हा बदल त्यांत नव्हता. हा विषाणू अमेरिका खंडातून आलेला नसून आशियात पूर्वीपासून वावरणारा असल्याचेही दिसले.

या निष्कर्षाने दिलासा मिळाला, पण तो मर्यादित अर्थानेच घ्यायला हवा. हा बदल नसलेले विषाणूही गर्भाला इजा करू शकतात, असे नंतरच्या संशोधनातून पुढे आले आहे. तेव्हा जयपूरमधील बाधित गर्भवतींवर देखरेख ठेवण्याचा निर्णय योग्यच होता.

निदानाकडून उपचाराकडे जाण्याचा प्रयत्नही २०१६मध्येच झाला. अमेरिकन शास्त्रज्ञांनी सुमारे सहा हजार संयुगे मानवी पेशींवर तपासली. त्यांत पट्टकृमींवर वर्षानुवर्षे वापरले जाणारे निक्लोसामाइड विषाणूची वाढ रोखताना दिसले. यकृताच्या विकारांसाठी विकसित होत असलेल्या एम्रिकासान या संयुगाने ऑर्गनॉइडमधील पेशीही मरणापासून वाचवल्या. मात्र झिकावरील मान्यताप्राप्त औषध वा लस आजही उपलब्ध नाही. गर्भवती स्त्रियांवर नव्या औषधाची चाचणी घेणे अत्यंत नाजूक काम आहे. शिवाय या गोळ्यांना रक्तवाहिन्या नसतात, वार नसते, रोगप्रतिकारक पेशीही सहसा नसतात. आईच्या रक्तातील औषध वार ओलांडून बाळापर्यंत कसे व किती पोहोचेल, हे त्यांच्यावरून कळत नाही.

तरी हा मार्ग पुढे सरकत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्जिउ पास्का यांच्या गटाने टिमोथी सिंड्रोम या दुर्मिळ विकाराच्या रुग्णांच्या पेशींपासून ऑर्गनॉइड वाढवले, ते उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूत रोवले आणि जनुकाच्या संदेशात फेरफार करणाऱ्या औषधाने त्यांतील दोष दूर करून दाखवला. हे संशोधन २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात बंगळुरूच्या संस्था मनोविकारग्रस्त कुटुंबांतील व्यक्तींच्या मूलपेशींवर काम करत आहेत. मद्रास आयआयटी व अमेरिकेतील एमआयटी यांनी २०२१मध्ये त्रिमितीय छपाईने बनवलेले, ऑर्गनॉइड वाढवण्याचे स्वस्त उपकरण सादर केले. केंद्र सरकारने मार्च २०२३मध्ये औषधचाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइडसारख्या मानवी पेशींवर आधारित पद्धतींनाही वाव दिला.

दरम्यान झिका महाराष्ट्रातही आला. जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला रुग्ण आढळला. २०२४मध्ये तर खुद्द पुण्यात, विषाणू संस्थेच्या दारातच म्हणावे असे, शंभराहून अधिक रुग्ण सापडले. त्यांतही गर्भवती स्त्रिया होत्या. त्यांना देता येण्याजोगे उपाय जयपूरमध्ये २०१८ साली होते तेच होते: डासांपासून संरक्षण आणि बाळाच्या डोक्याची वाढ पाहण्यासाठी ठरावीक अंतराने सोनोग्राफी.