दोष पेटीचा नव्हता

जुनी मोटार बिघडली की पहिला संशय आपल्याला न कळणाऱ्या भागावर जातो. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ साली ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक इंधन-पद्धत आणली, तेव्हापासून हा संशय एका पत्र्याच्या पेटीच्या वाट्याला आला. फोक्सवॅगनच्या ‘टाइप थ्री’ गाड्यांना ती प्रथम बसली, तीही अमेरिकेसाठी. कारण कॅलिफोर्नियात धुराचे नियम कडक होऊ लागले होते. कल्पना मूळची अमेरिकेच्या बेंडिक्स कंपनीची. १९५८ च्या काही क्रायस्लर गाड्यांवर तिचा प्रयोग झाला होता. पण ती पद्धत इतकी रुसू लागली, की बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्ब्युरेटर बसवावे लागले.

कार्ब्युरेटरमध्ये आत जाणारी हवाच पेट्रोल ओढून नेते. इथे मात्र इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे पेटी ठरवते, आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागांत. ‘डी’ म्हणजे जर्मन ‘द्रुक’, अर्थात दाब. नळीतल्या हवेचा दाब, इंजिनाची उष्णता, थ्रॉटलची स्थिती, डिस्ट्रिब्यूटरमधल्या कॉन्टॅक्टची उघडझाप, हे सारे निरोप वायरींतून पेटीकडे जातात. पेटी बिचारी आंधळी. निरोप आला तो खरा मानायचा, एवढेच तिला ठाऊक.

माझा भाचा सॅन होजेला असतो. १९६९ ची टाइप थ्री त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, विद्यार्थीदशेत जुनी विकत घेतली होती. दाजी २०१७ मध्ये गेले. २०१९ मध्ये मी तिकडे गेलो तेव्हा गाडी सकाळी झकास सुरू व्हायची, पण इंजिन तापले की काळा धूर सोडत गचके खात बंद पडायची. तिथल्या एका कारागिराने निकाल दिला, की पेटी गेली. सगळे काढून टाका आणि दोन कार्ब्युरेटर लावा. भाचा म्हणाला, “मामा, मग ती बाबांची गाडी राहील का हो?”

माझे आयुष्य बँकेत गेले. ट्रायल बॅलन्स जुळला नाही म्हणून आम्ही लेजर फाडून टाकत नव्हतो. व्हाउचर काढून बसत होतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतेच, म्हणून सकाळी सारे आलबेल. याचा अर्थ, तापलेले इंजिन अजून गारच आहे, असा खोटा निरोप पेटीला कुठून तरी जात असावा.

तापमान सांगणाऱ्या सेन्सरची रीत उलटी असते. वीस अंशांना त्याचा रोध सुमारे अडीच हजार ओहम, आणि इंजिन तापले की तो काहीशेवर उतरतो. त्यामुळे वाटेत वायर तुटली, गंजली किंवा सैल झाली, की रोध वाढतो आणि पेटीला हुडहुडी भरल्यासारखे वाटते! भाच्याने किल्ली बंद केली, पेटीचा मोठा प्लग काढला आणि तापल्या इंजिनावर मल्टिमीटर लावला. सेन्सरपाशी रोध हवा तेवढाच. प्लगच्या टोकाला मात्र दोन हजारांच्या वर. सेन्सर खरे बोलत होता, पेटीही शहाणी होती. लबाडी मधल्या जोडात होती. इंजिनाच्या उष्णतेने वायरीचे आवरण कडक होऊन तडकले होते आणि आतल्या तांब्यावर हिरवा थर चढला होता. थर खरवडून नवे टर्मिनल लावायला अर्धा तास लागला.

अर्थिंगचेही असेच. इंजिनाला जोडलेला अर्थ सैल झाला, तर इंजेक्टर मनाला येईल तसे वागतात. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून पाहण्याची काहींना खोड असते; तसे केल्याने मात्र पेटी खरोखर जळू शकते. आणि या पद्धतीत पेट्रोल कार्ब्युरेटरपेक्षा कितीतरी जास्त दाबाने, सुमारे दोन बारने, फिरत असते. तडकलेली रबरी नळी आणि वायरीची एक ठिणगी एवढे आगीला पुरते. त्यामुळे विजेचा शोध घेण्याआधी नळ्या पाहाव्यात.

भाच्याच्या नळ्या जुन्याच निघाल्या. त्या सगळ्या बदलेपर्यंत माझ्या बहिणीने गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली होती.